ताप उतरला त्या दिवशी: शिवाजी पेठेतलं एक प्रकरण

मुलगा, वय साडेचार, वजन 16 किलो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं एकत्र कुटुंब. लसी वेळच्या वेळी झालेल्या, दवाखान्यात भरती व्हायची पाळी आजवर आलेली नाही. तक्रार एकच, ताप.

केसपेपरवर एवढंच मावतं. पण लहान मुलाच्या तापाचं प्रकरण केसपेपरवर सुरूच होत नाही. ते घडतं औषधांच्या कपाटापाशी, काखेतल्या थर्मामीटरपाशी, आणि रात्री एक वाजता ‘आता न्यायचं का सकाळपर्यंत थांबायचं’ या कुजबुजीत. आमच्या दवाखान्याच्या दारात पाऊल पडेपर्यंत निम्मे निर्णय होऊन गेलेले असतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्या निर्णयांसाठी. या घरात हलगर्जी कुणीच केली नाही. आई तर इतकी सावध की कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाशेजारी, औषधाची वेळ लिहून ठेवायची. तरीही गोष्टी चुकत गेल्या, आणि प्रत्येक चुकीला त्या घरापुरतं पटण्यासारखं कारण होतं.

एक झाकण भरून

दिवस आखाडाचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकलेली. 43 फुटांची धोका पातळी गाठणार का, यावर कट्ट्याकट्ट्यावर पैजा. सोमवारी संध्याकाळी बालवाडीतून आलेलं पोर नेहमीसारखं गल्लीत न पळता सोप्यात आडवं झालं. आजीनं कपाळाला हात लावला, “कणकण हाय अंगात.” आठ वाजता काखेत थर्मामीटर लावला तर 101.6.

आईनं कपाटातली पॅरासिटामॉलची बाटली काढली आणि झाकणावरच्या पाचच्या रेघेपर्यंत औषध भरून पाजलं. दहा वाजता ताप 101.2. म्हणजे काहीच फरक नाही. घराचा निष्कर्ष निघाला: हे औषध याला लागू पडत नाही.

पुढचं सगळं या निष्कर्षातून निघालं, म्हणून इथं जरा थांबतो.

त्या बाटलीवर लिहिलं होतं, दर 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम. पोर दोन वर्षांचं असताना डॉक्टरांनी ‘एक झाकण, 5 मिली’ सांगितलेलं आईच्या पक्कं लक्षात होतं. तेव्हा त्याचं वजन 11 किलो होतं आणि 5 मिलीचा डोस बरोबर बसत होता, किलोमागे जवळजवळ 11 मिलिग्रॅम. मुलांना पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम लागतं. आता 16 किलोच्या पोराला तेच 120 मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे साडेसात. त्याला हवं होतं 160 ते 240 मिलिग्रॅम, म्हणजे याच बाटलीतलं साधारण 7 ते 10 मिली. बाटली तशीच, झाकण तेच, पोर मात्र पाच किलोंनी वाढलं होतं. औषध लागू पडत नव्हतं असं नाही, ते पुरतं पोटात जातच नव्हतं.

आता याच कपाटात आणखी काय होतं ते बघा. चुलत बहिणीच्या घशाच्या दुखण्यातून उरलेली दुसरी बाटली, रंग तोच नारिंगी, वास तोच, पण 5 मिलीत 250 मिलिग्रॅम. आणि आत्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिच्या बाळाच्या लसीच्या वेळी आणलेली थेंबांची छोटी बाटली, दर मिलीला 100 मिलिग्रॅम. घरातली सगळ्यात लहान बाटली सगळ्यात जहाल. कुणी सांगितलं ‘16 किलोला 10 मिली द्या’ आणि हाताला दुसरी बाटली लागली, तर पोराच्या पोटात 500 मिलिग्रॅम जाणार, कमाल डोसच्या दुपटीहून जास्त. असे डोस दिवसभर पडत राहिले तर गाठ यकृताशी असते. म्हणून फोनवर कुणी नुसतं ‘किती एमएल देऊ?’ विचारलं की मी आधी बाटली हातात घ्यायला लावतो आणि लेबलावरचा आकडा मोठ्यानं वाचायला सांगतो. चष्मा नाही, अक्षर बारीक आहे, मग फोटो पाठवा. पण आकडा कळल्याशिवाय मिली सांगायचे नाहीत. मोजायला झाकणावरची रेघ किंवा सुई काढलेली सिरिंज घ्यायची. पोह्याचा चमचा आणि चहाचा चमचा यांत मावणाऱ्या औषधात बराच फरक असतो.

दोन डोसांत चार ते सहा तास अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की ताप दिसला की औषध द्यायलाच हवं असं काही नाही. सोमवारी आठ वाजता पोर मलूल होतं, अंग दुखतं म्हणत होतं, तेव्हा देणं रास्तच. पण 100 ताप असलेलं पोर गोट्या खेळत असेल तर बाटली कपाटातच राहू द्यावी. औषध पोराच्या त्रासाला द्यायचं असतं, थर्मामीटरला नव्हे.

काकांनी आणलेलं ‘पावरबाज’

मंगळवारी दिवसभर ताप चढउतार करत राहिला. डोस तेच एक झाकण. संध्याकाळी काका कामावरून येताना मेडिकलमधून ‘जरा पावरबाज’ औषध घेऊन आले. त्यात इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही होती, 5 मिलीत इबुप्रोफेन 100 आणि पॅरासिटामॉल 162.5 मिलिग्रॅम. सोबत तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिनही दुकानदारानं पिशवीत टाकलेलं. आईनं ते बाजूला ठेवलं. मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक द्यायचं नाही हा तिचा नेम. विषाणूच्या तापावर त्याचा काही उपयोग नसतो, जुलाब तेवढे मागे लागतात. आजीचा आणखी एक प्रस्ताव होता. घरातल्या मोठ्या माणसाची अंगदुखीची गोळी, पाव तुकडा चुरून मधातून. ती निमेसुलाइड होती. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी हे औषध भारतात 2011 पासून बंद आहे. मोठ्यांच्या गोळ्यांच्या पट्टीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं, आजीला कळणार कुठून?

रात्री नऊला नव्या औषधाचं एक झाकण दिलं. साडेदहापर्यंत ताप म्हणावा तसा उतरेना, तेव्हा जुन्या बाटलीतलंही एक झाकण. दोन वेगळी नावं, म्हणजे दोन वेगळी औषधं, असा हिशोब. खरं तर पॅरासिटामॉल दोन्हींत होतं. दीड तासात 282 मिलिग्रॅम पोटात गेलं, किलोमागे साडेसतराच्या वर. एवढ्यानं काही बिघडत नाही. पण जुन्या बाटलीऐवजी 250 वाली हाताला लागली असती तर हाच हिशोब 25 वर गेला असता, आणि कालनिर्णयच्या चौकटीत दोन निरनिराळी नावं दिसली असती, दोन्ही डोस योग्य वाटले असते.

दुसरा मुद्दा इबुप्रोफेनचा. एरवी सहा महिन्यांवरच्या मुलांना डॉक्टरच्या सल्ल्यानं ते चालतं. पण आपल्याकडे पावसाळ्यात आलेला, सर्दी-खोकला नसलेला कडक ताप डेंग्यू असू शकतो, आणि डेंग्यूत इबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही मंडळी रक्तस्रावाचा धोका वाढवतात. कारण कळेपर्यंत घरात पॅरासिटामॉल एकटंच पुरे. कमी पडतंय असं वाटलं तर आधी वजन आणि मिली तपासायचे. पावर तिथंच सापडते.

रात्री एक वाजता

फोन आला तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. वडील शिरोलीला फाउंड्रीत रात्रपाळीवर. काकांनी मोटारसायकल बाहेर काढलेली, सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, न्यायची तयारी. ताप 103.8. पोराला हुडहुडी भरलेली, हातपाय गार. आजीनं वर दोन वाकळा टाकलेल्या, घाम निघू दे म्हणून. आईनं कपाळावर फ्रिजच्या पाण्याच्या पट्ट्या. एकाच पोरावर दोन विरुद्ध उपचार चाललेले. आजी मागून ओरडत होती, “डोसक्यात चढंल ताप, बगा डाक्टर! मेंदूला जाईल!”

आजीची ही भीती कोल्हापुरातल्या निम्म्या घरांत असते, तेव्हा तिचं आधी बोलू. जंतूंशी लढताना मेंदूतलं तापमान ठरवणारं केंद्र स्वतःच काटा वर सरकवतं. 98 वरून 103 वर जायचं ठरलं की शरीर ती उष्णता साठवू लागतं. हातपायांचं रक्त आत ओढलं जातं म्हणून ते गार, स्नायू थरथरतात म्हणून हुडहुडी. काटा खाली आला की घाम फुटतो. म्हणजे घाम ही ताप उतरल्याची खूण. वाकळेनं घाम काढून ताप उतरत नाही, उलट अडकतो. आणि बर्फाच्या पाण्यानं कातडी गार केली की शरीर आणखी थरथरून ताप राखतं. काटा शरीराच्या हातात असल्यामुळं साध्या संसर्गाचा ताप एका मर्यादेपलीकडे सहसा जात नाही, आणि 103-104 नं मेंदू भाजत नाही. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या मुलाचं तापमान वेगळ्या मार्गानं चढतं, ते मात्र खरंच जिवावर बेततं.

राहता राहिली झटक्याची भीती. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पोराचं बहुधा काही बिघडत नाही. तापाचं औषध वेळेवर दिल्यानं झटका टळतोच असं नाही, तेव्हा झटका आला म्हणून आईला बोल लावण्यात अर्थ नसतो. आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108. थांबला, तरी पहिलाच झटका असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

मी आईला 103.8 बद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते हे. शू कधी केली? “साडेअकराला.” पाणी पितोय? “घोट घोट पितोय, टाकत न्हाई.” हाक मारली की बघतो, बोलतो? “व्हय, पट्टी काढ म्हणतोय.” हनुवटी छातीला टेकते? अंगावर ठिपके? असतील तर त्यावर काचेचा पेला दाबून ते जातात का? पोटात दुखतं? मग म्हटलं, सदरा वर करा आणि एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. तिनं फोन खाली ठेवला. मिनिटभर नुसता पत्र्यावरच्या पावसाचा आवाज. “चौतीस.” ताप असताना चौतीस म्हणजे ठीक. एक ते पाच वर्षांच्या पोरात चाळीस किंवा वर असता, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असता, तर थांबायला सांगितलं नसतं. यातलं एकही उत्तर वाकडं आलं असतं तर काकांनी गाडी काढलेलीच होती.

मग सांगितलं ते एवढंच: हुडहुडी असेपर्यंत एक पातळ चादर, थांबली की तीही काढा. फ्रिजचं पाणी नको. साध्या पाण्याची पट्टी बरी वाटत असेल तर राहू दे. (मिठाच्या पाण्याची असली तरी हरकत नाही, मिठानं काही होत नाही एवढंच. कोलन वॉटर मात्र नको, त्यातला अल्कोहोल मुलांच्या अंगात शोषला जातो.) तीन वाजता जुन्या बाटलीतलं 10 मिली. काकांचं औषध बंद. आणि औषध दिल्यावर तासाभरानं, ताप थोडा खाली आला की, पोराकडे नीट बघा.

घरी ताप सांभाळताना माझा सगळा भरवसा या शेवटच्या गोष्टीवर असतो. चढत्या तापात प्रत्येक मूल गळून जातं, तेव्हाचं तोंड बघून काही ठरवता येत नाही. ताप दीड-दोन अंशांनी खाली आल्यावर जे मूल उठून बसतं, काही मागतं, कटकट करतं, त्याला सकाळपर्यंत घरी ठेवता येतं. ताप उतरूनही जे तसंच निपचित, त्याला नाही. ताप औषधानं किती उतरला यावरून आजार साधा की अवघड हे ठरत नाही, अवघड आजारातही पॅरासिटामॉलनं ताप उतरतो. बघायचं ते वागणं. चार वाजता या पोरानं खारी मागितली आणि चुलत भावानं त्याचा ट्रॅक्टर घेतलाय का, याची चौकशी केली. आईनं मेसेजमध्ये हे जसंच्या तसं लिहिलं होतं. मोटारसायकल आत गेली.

तेवढ्यात आत्यानं फोन घेऊन विचारलं, बाळालाही गरम लागतंय, तिला ते थेंब देऊ का? बाळ दोन महिन्यांचं. काखेत लावून बघा म्हटलं, 98.4 निघाला, गुंडाळून ठेवल्यामुळं अंग गरम होतं. पण तिला जे सांगितलं ते इथंही लिहितो, कारण वरचा एकही नियम त्या वयाला चालत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 किंवा वर ताप असेल तर घरी बघत बसायचं नाही, बाळ हसत असलं तरी, मध्यरात्र असली तरी. त्या वयात रक्तातला किंवा लघवीतला जंतुसंसर्ग अनेकदा तापाखेरीज दुसरी खूण दाखवतच नाही.

ताप उतरला

बुधवारी सकाळी पोर दवाखान्यात आलं. चेहरा लालसर, डोळे दुखतात म्हणे, घसा साफ, छाती साफ, सर्दी नाही. पोट मऊ, हात उबदार, नखावर दाबलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत. तिसऱ्या दिवशी कारण न सापडलेला ताप, आणि पेठेत डेंग्यूचे रुग्ण सुरू झालेले. रक्त पाठवलं. डेंग्यूची एनएस1 चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट 1 लाख 42 हजार, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, रक्त घट्ट झालं की वाढतं) 36.

घराला धक्का बसला तो निराळ्याच कारणानं. सगळ्यांचं लक्ष पुराच्या पाण्याकडे. पोराला नदीकडे फिरकू दिलं नव्हतं, काकांनी पाण्यातून गाडी घातली म्हणून त्यांना आंघोळीशिवाय घरात घेतलं नव्हतं. घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती, आणि ती काही खोटी नाही. पण डेंग्यूचा डास गढूळ पाण्यातला नव्हे. 2019 आणि 2021 च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ बंद पडले, ते या घराच्या चांगलंच लक्षात होतं. म्हणून यंदा नदी वाढायला लागल्याबरोबर गच्चीवर चार बॅरल भरून ठेवली होती, स्वच्छ, आणि झाकणं नसलेली. एडिसला, म्हणजे डेंग्यूच्या डासाला, नेमकं हेच आवडतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि तो चावतो दिवसा. रात्री मच्छरदाणीत झोपणारं पोर दुपारी सोप्यात उघडंच लोळत होतं.

डेंग्यू म्हटलं की भरती, असं नसतं. पोर पीत होतं, सहा तासांच्या आत शू करत होतं, धोक्याची एकही खूण नव्हती, घर दहा मिनिटांवर. घरीच ठेवायचं ठरलं, रोज तपासणी आणि रक्त. दिवसभरात सव्वा ते दीड लिटर पाणी पोटात जायला हवं: ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात. पेल्यात चमचाभर टाकून ढवळलेलं ओआरएस नव्हे. आजीनं दही-ताकाला नाक मुरडलं, पण आखाडातल्या मटणाचं अळणी, म्हणजे सूप, द्यायला ती आपणहून तयार होती. मीही खूश झालो. ‘लंघन कर’ म्हणणाऱ्या आजीपेक्षा अळणी पाजणारी आजी केव्हाही परवडली.

निघताना कालनिर्णयवर लिहून दिलं: पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार, पोर सुस्त किंवा उगाच चिडचिडं, सहा तासांत शू नाही. यातलं काहीही झालं तर लगेच. आणि त्याखाली एक ओळ, अधोरेखित: ताप उतरला की जास्त लक्ष ठेवा. आजीनं ती वाचून दाखवायला लावली आणि हसली. डॉक्टरांचं काहीतरीच.

गुरुवारी पहाटे ताप 98.2.

घर हलकं झालं. आजीनं देवापाशी साखर ठेवली, पोराची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, दुपारी आंघोळ घालून अंबाबाईला न्यायचं ठरलं. वडील रात्रपाळीहून येऊन निवांत झोपले. नऊ वाजता आईचा फोन आला. ताप नाही, पण पोर खुर्चीत बसलंय ते बसलंय. काल 102 मध्ये ट्रॅक्टर मागत होता, आज काहीच मागत नाही. सकाळपासून दोनदा उलटी. हात पोटावरच. शू रात्री दहाला केलेली. मागून आजीचा आवाज येत होता, “आता ताप न्हाई, मग कशाला दावायचं? पोराला झोपू दे की.”

आजीचं म्हणणं नव्व्याण्णव तापांत बरोबर ठरतं. साध्या विषाणूच्या तापात ताप गेला की आजार गेला. डेंग्यूची घडण वेगळी. पहिले तीन-चार दिवस विषाणूचे असतात, तेव्हा ताप. विषाणू कमी होतो, ताप उतरतो, आणि नेमकं त्याच सुमाराला, सहसा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेमुळं बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं, मागे उरलेलं रक्त घट्ट होतं. हे पाझरणं चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतं. त्या काळात मुलाला ताप नसतो, त्यामुळं घरात कुणाच्या मनात धोक्याची घंटा वाजत नाही. पोर शांत पडून आहे, म्हणजे आराम पडलाय असं वाटतं.

आईनं वाद घातला नाही. रिक्षा बोलावली आणि फोनवर मला म्हणाली, “मी निघालोय, पाच मिनिटांत पोचतो.”

तपासलं तेव्हा नाडी 128, हात कोपरापर्यंत गार, रक्तदाब 96/72. वरचा आकडा बघून कुणीही ‘ठीक आहे’ म्हणेल. बघायचं ते दोन आकड्यांतलं अंतर. ते 24 वर आलं होतं. 20 किंवा खाली म्हणजे शॉक, शरीराला रक्त पुरेनासं होणं. उजव्या बरगडीखाली हात लावू देईना. हिमॅटोक्रिट 36 वरून 44, प्लेटलेट 68 हजार. हिमॅटोक्रिटमधली पाचव्या हिश्शाहून जास्त वाढ म्हणजे रक्तातलं पाणी बाहेर गेलंय याचा पुरावा. भरती केलं, वजनाप्रमाणे सलाईन सुरू झालं, दर काही तासांनी हिमॅटोक्रिट बघून ते कमी-जास्त केलं. दुपारी तीन वाजता पोरानं शू केली. वॉर्डात त्या बातमीचं जेवढं कौतुक झालं तेवढं कुठल्या रिपोर्टचं झालं नसेल.

पुढचं थोडक्यात. शुक्रवारी प्लेटलेट 41 हजारांवर आल्या. नातेवाइकांचे फोन सुरू झाले, कुणी रक्तपेढीचा नंबर पाठवला, कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन दारात उभं. रक्तस्राव नव्हता, म्हणून प्लेटलेट चढवल्या नाहीत. त्या आपल्या आपण वाढणार होत्या आणि शनिवारपासून वाढल्याही. पपईच्या रसाला मी कडाडून विरोध केला तो एकाच कारणानं: उलटी हीच जिथं धोक्याची खूण, तिथं पोराला उलटी होईल असं कडू काही पाजू नये. मग उलटी कशाची, हे कळणार कसं? मंगळवारी रात्रीच्या इबुप्रोफेनच्या एका डोसावर मी कशाचंही खापर फोडत नाही. पाझरणं त्यानं सुरू होत नाही, आणि रक्तस्राव तर झालाच नाही. काकांनी मात्र ती बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली, जणू मुद्देमाल.

रविवारी पोर घरी गेलं. थेंबांची बाटली सोडून बाकी औषधं आईनं निकालात काढली आणि एकच नवी घेतली, 5 मिलीत 120 मिलिग्रॅमवाली, तिच्यावर स्केचपेननं ‘16 किलो, 10 मिलीपर्यंत’ आणि तारीख लिहिली. वजन वाढेल तसा आकडा खोडून नवा लिहायचा, हे तिचं तिनंच ठरवलं. गच्चीवरच्या बॅरलांना जुन्या साड्या बांधल्या, दर रविवारी बॅरल रिकामी करून घासायचं काम काकांकडे आलं.

सोमवारी आजीचा फोन. आता तिचा आवाज खरंच घाबरलेला. पोराच्या पायांवर, हातांवर लालभडक पुरळ, मधेमधे पांढरे ठिपके सोडलेले, आणि खाज. “गवर उटली का काय डाक्टर? लगीच घिऊन येऊ?” फोटो मागवला. खातोय का? “दोन भाकऱ्या खाल्ल्या आनि तिसरीला भांडालाय.” शू? “लई येळा.” डेंग्यूतून उठताना असं पुरळ येतं आणि काही दिवसांत जातं. नखं कापा, खोबरेल तेल लावा, बुधवारी जमलं तर दाखवा, असं सांगितलं. आजीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली की खरंच आज आणायचं नाही ना.